कोरासाच्या नाण्यावरचं तोंड

ग्लीकोन या नावाचा अर्थ गोड. बापाने हौसेने ठेवलेलं नाव, पण पोरगं पुढे कोरासा शहराचे शौचखड्डे उपसणार हे बापाला पक्कं ठाऊक होतं, कारण तोही तेच करायचा. डोंगरउतारावरच्या मोठ्या घरांतले लोक त्याला हाक मारताना नावातला गोडवा मुद्दाम घोळवत आणि एका हाताने नाक धरत.

सूर्य वर यायच्या आत काम संपलं पाहिजे, असा शहराचा नियम होता. फटफटताना ग्लीकोन गाढवाची गाडी घेऊन मागच्या गल्ल्यांतून वर चढायचा. खड्ड्यात उतरायचा, कातड्याच्या बादल्या भरायचा आणि गाडी वेशीबाहेरच्या द्राक्षमळ्यांत रिकामी करायचा. मग नदीवर जाऊन वाळूने अंग घासायचा. घाणीची किळस त्याला लहानपणीच सरली होती. त्याला वीट यायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा. चौकात उभं राहून साध्या राहणीवर भाषण देणाऱ्या म्हाताऱ्या सभासदाचा खड्डा महागड्या कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला असायचा. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी नगरप्रमुख झेनोफिलोसच्या खड्ड्यात अर्धवट चावलेलं, दारूत भिजून बाहेर पडलेलं इतकं काही असायचं, की खालची अख्खी आळी त्यावर महिनाभर जेवली असती. ग्लीकोन हे कुणाजवळ बोलत नसे. बायकोजवळसुद्धा नाही.

पन्नाशीला आला होता, पण देह असा की वाटेवरच्या परक्या माणसाने वळून बघावं. रुंद छाती, जाड मान, खोल डोळे आणि छातीपर्यंत रुळणारी दाट कुरळी दाढी. वर राहणारे झाडून सगळे रोमच्या साहेबांसारखी दाढी खुरटी ठेवत किंवा तुळतुळीत काढत. ग्लीकोनच्या दाढीला कात्री लागली नव्हती, कारण शहरातला कुठलाच न्हावी त्याला हात लावत नव्हता.

त्या वर्षी कोरासाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. लाम्पोस नदीच्या उताराला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर अर्गिला नावाचं शहर. दोन्ही शहरं सारखीच लहान आणि दोघांनाही सारखीच खाज. अर्गिलाने नवी काशाची नाणी पाडली. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला कोपरावर रेललेला लाम्पोस देव आणि भोवती अक्षरं: लाम्पोसकाठची पहिली नगरी. ते नाणं कोरासाच्या बाजारात आलं तेव्हा मासे विकणाऱ्या कोळ्याने ते जमिनीवर टाकून त्यावर पाय ठेवला. सभेत तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

"नदी आधी आमच्याकडे येते," झेनोफिलोस सभेत म्हणाला. "त्यांना मिळतं ते आमचं उष्टं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. शहराची सगळी गटारं लाम्पोसमध्येच पडत होती.

झेनोफिलोसने स्वतःच्या पैशाने नाणी पाडायची घोषणा केली. नाण्यावर देवाखाली त्याचं नाव येणार होतं. ठसे कोरायला आर्तेमास नावाचा फिरता कारागीर आला. पोट सुटलेला, डोळे कायम मिचकावणारा माणूस. भाडं कमी म्हणून तो खालच्या आळीत, लोकर धुणाऱ्याच्या माडीवर उतरला.

एके दुपारी ग्लीकोन अंघोळ करून वाळूवर कोपर टेकून पडला होता. मागून आवाज आला.

"हलू नकोस. तसाच राहा."

"का, साप आहे?"

"साप नाही. कोपर तेवढं खाली घे. चार दिवस देव शोधतोय मी. वर सगळ्यांच्या हनुवट्या सोललेल्या अंड्यासारख्या आहेत."

ग्लीकोनने मान वळवली. "मी कोण आहे ते माहीत आहे का तुला?"

"वासावरून अंदाज आला," आर्तेमास मेणाची पाटी काढत म्हणाला. "ठशात वास कोरता येत नाही. पड."

तीन दुपारी ग्लीकोन त्याच्यापुढे पडला. आर्तेमासने नदीच्या देवाला शोभेल असा काठावरचा बोरू त्याच्या हातात दिला, काखेखाली आडवा माठ ठेवला. काम करताना तो बडबडत राहायचा आणि बरोबर आणलेली मसुरीची आमटी दोघांत वाटून घ्यायचा. एकाच भांड्यातून. ग्लीकोनला पहिल्या दिवशी तो घास गिळवेना. परक्या माणसाने त्याच्याबरोबर एकाच भांड्यात पाव बुडवलेला त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

"सम्राटाचं डोकं मी एकदाच कोरलंय," आर्तेमास म्हणाला. "तोच ठसा अर्गिलात वापरला, तोच इथे लावणार. मागची बाजू तेवढी बदलते. तिकडे लिहिलं लाम्पोसकाठची पहिली. इथेही तेच लिहायला सांगितलंय."

"मग खरी पहिली कोण?"

"ज्या आठवड्यात जी मला जेवू घालते ती."

ग्लीकोन इतका हसला की काखेखालचा माठ घरंगळला.

ठसा झाला, आर्तेमास पुढच्या शहराच्या कामाला निघून गेला. काही दिवसांनी सकाळी ग्लीकोन झेनोफिलोसच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरला होता. वर अंगणात झेनोफिलोस आपल्या कारभाऱ्याशी, मेनिप्पोसशी बोलत होता. पहिलं पाडलेलं नाणं त्याच्या हातात असावं.

"हे नाक बघ, मेनिप्पोस. आमच्या आजोबांचं नाक. कपाळही तेच."

"हुबेहूब, धनी. मी म्हणणारच होतो."

"कारागिराने घरातला पुतळा पाहिला असणार. असू दे. उत्सवात आपण होऊन बोलायचं नाही. लोकांनाच ओळखू दे."

खाली ग्लीकोनने हातातली बादली हळूच टेकवली. हसू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. वरून कुणीतरी भांड्यातलं पाणी ओतलं, ते त्याच्या खांद्यावर पडलं. तो पुन्हा कामाला लागला.

लाम्पोसच्या उत्सवात झेनोफिलोसने देवळाच्या पायऱ्यांवरून नाणी उधळली. नवंकोरं काशाचं नाणं उन्हात सोन्यासारखं चमकत होतं. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. बायांनी नाणं डोळ्यांना लावलं, आजारी पोरांच्या मुठीत दिलं. ग्लीकोनला गर्दीत शिरायची सोय नव्हती. त्याची बायको अमिया एक नाणं घेऊन घरी आली, दारात उभी राहून तिने ते उजेडात धरलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही आहात."

"देव आहे तो."

"तीस वर्षं या तोंडाकडे बघत जेवतेय मी. डाव्या भुवईला खोक आहे बघा. देव कुठे पडला होता अंगणात?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. अमिया पदरात तोंड घालून हसली, मग तिने नाणं मुठीत झाकलं. "कुणाला कळू द्यायचं नाही," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर ते दिवस ग्लीकोनला बरे गेले. तो नाणं राखेने घासायचा. वरच्या गल्लीत कुणी नाक धरलं की त्याच्या मनात यायचं, सकाळी याच माणसाने माझ्या तोंडाला हात जोडलेत. पुढे या सुखाचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बाजारात ग्लीकोनच्या हातातून कुणी नाणं घेत नसे. दुकानापुढे आंबलेल्या दारूचं वाडगं ठेवलेलं असायचं, त्यात टाकायचं, मग दुकानदार लाकडी चिमट्याने काढून घ्यायचा. एका सकाळी तो खारवलेला मासा घ्यायला गेला. वाडग्यात नाणं पडलं. कोळ्याने ते चिमट्यात धरून आधी कपाळाला लावलं आणि मग डब्यात टाकलं. शेजारी अर्गिलाचा एक खेचरवाला उभा होता. त्याने नाणं बघितलं. ग्लीकोनला बघितलं. आपल्या कनवटीचं कोरासाचं नाणं काढून पुन्हा दोघांना बघितलं.

"काय रे, हा माणूस काय करतो तुमच्याकडे?" त्याने कोळ्याला विचारलं.

"हा? खड्डे उपसतो. त्याच्यापासून लांब उभा राहा जरा."

खेचरवाला खाली बसला. हसता हसता त्याला उचकी लागली. कोळ्याला आधी कळेना, मग कळलं. त्याने डब्यातून ते नाणं पुन्हा काढलं, नीट निरखलं आणि कपाळ बाहीने पुसलं. पुसतच राहिला, कातडी लाल होईपर्यंत.

आठ दिवसांत अर्गिलाभर झालं. तिथले दुकानदार कोरासाचं नाणं घेताना नाकाला फडकं बांधू लागले. महिन्याने तिथे खेळांचे सामने होते. कोरासाची मंडळी पांढऱ्या वस्त्रांत, डोक्यावर हार घालून मैदानात शिरली, सगळ्यात पुढे झेनोफिलोस. बसलेल्या हजारो लोकांनी एकाच वेळी नाक धरलं. कुणी आवाज केला नाही, शिवी दिली नाही. मंडळी मैदान ओलांडून जागेवर बसेपर्यंत सगळे तसेच नाक धरून बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी ग्लीकोनला सभागृहात बोलावणं आलं.

"उंबऱ्याच्या आत येऊ नकोस," मेनिप्पोस म्हणाला. "तिथूनच बोल."

आत धूप जाळला होता. झेनोफिलोसने नाकाशी अत्तराचा रुमाल धरला होता आणि तो खांबाकडे बघत होता.

"तू त्या कारागिरापुढे बसला होतास?"

"बसलो नव्हतो. पडलो होतो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"नीट उत्तर दे."

"तीन दुपारी. वाळूवर. हातात बोरू होता."

मेनिप्पोस दोन पावलं पुढे आला. आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, गड्या. तुझं कुणाशी वैर नाही, आमचं तुझ्याशी नाही. बाहेर लाम्पोसच्या वेदीवर नाणं ठेवलंय. त्याच्यावर हात ठेवून म्हण, की असं काही झालं नाही. अर्गिलाच्या लोकांनी पिकवलेली कंडी आहे. झालं. यापुढे उत्सवाच्या मांसाचा वाटा तुझ्या घरी पोचता होईल."

"म्हणजे माझ्या तोंडावर हात ठेवून सांगू, की हे माझं तोंड नाही?"

कुणी हसलं नाही.

ग्लीकोनने विचार केला. शपथ घ्यायला त्याची ना नव्हती. देव काय म्हणेल याचीही त्याला फार भीती नव्हती. शहराची घाण देव रोज पोटात घेत होता, त्यात ही एक भर. हो म्हणून मोकळं व्हावं आणि अमियाला मांस मिळावं, असं त्याच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात झेनोफिलोसने खांबावरची नजर न काढता म्हटलं, "त्याला सांग, चेहरा आमच्या आजोबांचा आहे, असंही म्हणायचं."

ग्लीकोनने मान वर केली.

"धनी," तो म्हणाला, "तुमच्या घरचं सगळं मी तीस वर्षं उचललं. काय काय उचललं ते कधी कुणाला सांगितलं नाही. हे मात्र मला उचलवत नाही."

दुसऱ्या सकाळी सभेने पाठवलेल्या चार जणांनी त्याला सार्वजनिक स्नानगृहाच्या मागच्या अंगणात नेलं. न्हावी यायला तयार नव्हता, म्हणून मेंढ्या कातरणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने तोंडाला फडकं बांधलं आणि मेंढरं कातरायच्या कात्रीने ग्लीकोनची दाढी काढली. हनुवटी दोन ठिकाणी कापली. बघायला गर्दी जमली होती. त्यात आमटी विकणारी एक म्हातारी होती. महिन्यापूर्वी तिने तापाने फणफणलेल्या नातीच्या मुठीत ते नाणं ठेवलं होतं आणि ताप उतरल्यावर आळीभर सांगत फिरली होती. आता ती पुढे आली आणि ग्लीकोनच्या पायाशी थुंकली.

"माझ्या नातीच्या हातात," ती म्हणाली. "माझ्या नातीच्या हातात हे."

ग्लीकोनला सगळ्यात जास्त लागलं ते हे. सोडल्यावर तो भिंतीआड गेला आणि ओकला. तीस वर्षं खड्ड्यांत उतरून ज्याला कधी मळमळलं नाही, तो माणूस उन्हात भिंतीला धरून पोट रिकामं होईपर्यंत ओकत राहिला.

नाण्यांचं काय करायचं यावर सभेत पुन्हा खल झाला. वितळवायची तर खर्च फुकट जाणार, आणि झेनोफिलोसचं नावही जाणार. देवाच्या तोंडावर हातोडा मारायचा तर पाप. शेवटी मेनिप्पोसने तोड काढली: देवाच्या चेहऱ्यावर छोट्या गरुडाचा शिक्का उठवायचा. गरुड हे मोठ्या देवाचं पाखरू. ते लाम्पोसवर येऊन बसलं, म्हणजे त्याचा मानच वाढला. झेनोफिलोसने चौकात तसं भाषणही केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रांगा लावून नाणी आणली. टांकसाळीच्या छपराखाली लोहार दिवसभर ठोकत बसला. प्रत्येक घावाला गरुड बरोबर नाकावर बसायचा. आवाज खालच्या आळीपर्यंत यायचा आणि तो चालू असेपर्यंत अमिया घराबाहेर पडली नाही.

"उद्यापासून जाऊ नका," ती म्हणाली. "बसू दे त्यांना आपल्याच घाणीत. चार दिवसांत पाया पडायला येतील."

"वरचे खड्डे भरले की घाण कुठे येते?"

तिने दाराबाहेर बघितलं.

"उतार आपल्याकडे आहे. आधी आपल्या दारात येईल, मग लोकरवाल्याच्या. वर त्यांना वास यायला महिना लागेल. तोवर आळीतली पोरं मरतील."

म्हणून तो दुसऱ्या दिवशीही गाडी घेऊन वर गेला. झेनोफिलोसच्या घराचाही खड्डा उपसला. फक्त आता त्याला वास येऊ लागला होता. पूर्वी येत नव्हता तो. भाकरीला यायचा, पाण्याला यायचा. अमियाच्या केसांना यायचा, तेव्हा तो तोंड फिरवायचा आणि तिला ते कळायचं.

थंडीच्या सुरुवातीला अर्गिलाचा एक सभासद त्याच्या दारात आला. बरोबर दोन नोकर, एक गाठोडं.

"ग्लीकोनराव," तो म्हणाला. असं आजवर त्याला कुणी म्हटलं नव्हतं. "तुमच्यावर फार अन्याय झाला. आमच्या शहराला त्याचं वाईट वाटतं. वसंतातल्या मिरवणुकीत तुम्ही रथावर बसावं, लाम्पोस देव म्हणून. दाढी वाढेल तोवर. राहायला घर देऊ."

"आणि रथावर बसून काय करायचं?"

"काहीच नाही. नुसतं बसायचं. हातात एक बादली असेल."

ग्लीकोन त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस आल्यापासून उंबऱ्याबाहेर उभा होता. अमियाने पुढे केलेलं पाणी त्याने नोकराच्या हाती दिलं होतं, आणि नोकराने ते हळूच झाडाला घातलं होतं.

"तुम्ही आमचीच घाण पिता," ग्लीकोन शांतपणे म्हणाला. "रोज. माझी पण असते त्यात. त्याचं काही वाईट वाटतं का तुमच्या शहराला?"

सभासद लालबुंद होऊन निघून गेला. वाटेत त्याने कोरासाच्या लोकांना काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळी आळीत बातमी आली, की ग्लीकोन अर्गिलाला फितूर झाला. दारावर कुणीतरी शेण फासलं. ते पुसताना अमिया म्हणाली, "माझ्या भावाकडे जाऊ." तो हो म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

अमियाचा भाऊ हर्मोगास वर डोंगरात, द्राक्षमळ्यांच्या गावात राहायचा. तिथे ग्लीकोनची किंमत झाली. कोणतं खत कुठल्या वेलीला, किती जुनं, किती खोल, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. लोक त्याच्या शेजारी बसून जेवत. खाली कोरासात खड्ड्यांच्या कामाला सभेने शिक्षा झालेले कैदी लावले, असं ऐकायला आलं. गरुडाची नाणी चालूच राहिली, वर गावातही येत. ग्लीकोन ती घेई आणि देई, दुसरं काही करत नसे. अंगावरचा वास दोन पावसाळ्यांनी गेला. दाढी मात्र त्याने पुन्हा वाढू दिली नाही. दर चार दिवसांनी चुलीशी बसून स्वतःच खरवडून काढायचा.

तिसऱ्या वर्षी गावच्या मंडळींनी देवळापुढे बैठक बोलावली. डोंगरात अशी तीनच गावं होती, मिळून दीडशे उंबरे. खालच्या गावाने वेशीत दगड बसवून त्यावर कोरून घेतलं होतं: डोंगरातलं पहिलं गाव. हर्मोगास तावातावाने उभा राहिला.

"आपला दगड त्यांच्यापेक्षा हातभर उंच पाहिजे," तो म्हणाला. "आणि वर काहीतरी कोरलेलं पाहिजे. देवाचं वगैरे. भावजी, तुम्ही शहरात राहिलात, तुम्ही सांगा. काय शोभेल?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. चांगली माणसं होती ती. त्यांच्याच घरी तो जेवला होता. ग्लीकोनला त्यांच्या डोळ्यांत कोरासातली तीच पहिलेपणाची चमक दिसली.

तो उठला. पाठीमागे हर्मोगास दोनदा हाक मारत होता. ग्लीकोन वळला नाही, वाटेत एकदा थुंकला आणि मळ्यात जाऊन वेलींच्या बुडाशी चर खणायला लागला. अंधार पडेपर्यंत खणत होता. जेवायला बोलवायला अमिया आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. बांधावर बसून राहिली.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. दगड हातभर उंच झाला, आणि त्या वाटेने जाणं ग्लीकोनने शेवटपर्यंत टाळलं.